लष्करी खंजीर पारखताना: शिक्का शेवटी, सांधे आधी

म्यानबंद

खंजिराबद्दल मत मागताना बहुतेक जण एकच फोटो टाकतात, पात्यावरच्या कारखान्याच्या शिक्क्याचा. नक्कल करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तोही सगळी मेहनत तिथेच ओततो. शिक्का शेवटी बघायचा. आधी बघायचे ते सांधे, म्हणजे दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात त्या जागा. ऐंशी वर्षं एकत्र राहिलेले भाग एकमेकांवर खुणा सोडतात. कालपरवा एकत्र आलेल्या भागांवर त्या नसतात, आणि त्या मुद्दाम उमटवणं फार कटकटीचं काम आहे.

हा धागा मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन गणवेशाच्या खंजिरांबद्दल आहे, कारण नकलांचा सुळसुळाट तिथेच जास्त. एसए म्हणजे नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनेचा खंजीर (१९३३ चा नमुना), लष्करी अधिकाऱ्यांचा हेअर, म्हणजे भूदलाचा खंजीर (१९३५), लुफ्तवाफचा, म्हणजे हवाई दलाचा दुसरा नमुना (१९३७) आणि गरुडाच्या पोमेलचा (पोमेल म्हणजे मुठीच्या डोक्यावरचा भाग) नौदल खंजीर (१९३८). यातले जवळपास सगळे झोलिंगेन शहरातल्या कारखान्यांचे. ब्रिटिश कमांडोंच्या फेअरबेर्न-साइक्स खंजीरवाल्यांनी खाली भर घालावी.

बाजारात तीन जाती फिरतात. पहिली, सरळसरळ नवी नक्कल. दुसरी, जुने सुटे भाग घेऊन युद्धानंतर जुळवलेला खंजीर. झोलिंगेनमध्ये उरलेल्या भागांपासून सैनिकांना आणि संग्राहकांना विकायला असे भरपूर जुळवले गेले. तिसरी, मुळात अस्सल पण नंतर 'सुधारलेला': मूठ बदललेली, पातं घासलेलं, किंवा साध्या खंजिरावर किंमत वाढवणारा मजकूर चढवलेला. पहिली जात महिन्याभराच्या सरावाने ओळखू येते. फसगत होते ती दुसऱ्या-तिसऱ्यात, कारण तिथे प्रत्येक भाग सुटा पाहिला तर खरा असतो.

लागणारी साधनं: दहापट भिंग, व्हर्निअर कॅलिपर, छोटं लोहचुंबक, बारीक झोताचा टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च आणि नायट्राइलचे हातमोजे. सुती हातमोज्यातून पातं निसटतं आणि धागे गरुडाच्या पंखांत अडकतात.

खंजीर हातात आला की लगेच उपसू नका. आधी म्यानात असतानाच बघा. क्रॉसगार्ड (मुठीला लागून असलेली आडवी धातूची पट्टी) म्यानाच्या तोंडावर सपाट बसतो का? दोन्ही बाजूंना फट सारखी आहे का? झीज कुठे आहे? गणवेशावर लटकवलेल्या खंजिराची झीज उंच जागी असते: गरुडाची छाती, पोमेलवरच्या ओकच्या पानांच्या शिरा, म्यानाच्या कड्या आणि म्यानाची शरीराकडची बाजू. खोबणीत मळ साचतो, उंचवटा उजळतो. नकलीत बऱ्याचदा सगळीकडे सारखाच काळपटपणा असतो, किंवा खोबणीत बूटपॉलिशसारखा मेणचट थर. कापूस फिरवला की तो निघून येतो.

मग हळूच उपसा आणि टॉर्च तिरपा धरून पात्याच्या दोन्ही बाजू बघा. धातूच्या म्यानात आत पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असते, ती पातं घट्ट धरते. वर्षानुवर्षं आत-बाहेर करून पात्यावर त्या पट्ट्यांच्या लांबट, समांतर रेघा उमटतात. रेघांची रुंदी आणि जागा त्याच म्यानातल्या पट्ट्यांशी जुळायला हवी. म्यानाच्या तोंडातून उजेड टाकून पट्ट्या दिसतात, मोजता येतात. पात्यावर ठळक रेघा आहेत पण म्यानात पातं खुळखुळतंय, किंवा म्यानातल्या पट्ट्या अरुंद आणि पात्यावरच्या रेघा रुंद, तर पातं आणि म्यान वेगवेगळ्या घरचे. रेघा मुळीच नसल्या तरी घाबरू नका, न वापरलेल्या खंजिरावर त्या पुसट असतात. पण मग मूठ आणि कड्याही तितक्याच कोऱ्या हव्यात.

एसएच्या पात्यावर आणखी एक गोष्ट बघायची. कारखान्यात ते आडव्या दिशेने घासून चकाकवत. त्यामुळे मधल्या कण्यापासून धारेकडे जाणाऱ्या, केसापेक्षा बारीक, एकमेकींना खेटून असलेल्या रेघा दिसतात. या रेघा म्हणजे पात्याची अवस्था मोजायची पट्टीच. त्या टोकापर्यंत शाबूत असतील तर पात्याला कुणी हात लावलेला नाही. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या रेघा दिसल्या तर कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय, आणि आरशासारखं गुळगुळीत असेल तर बफ. दोन्हींत गेलेलं परत येत नाही.

कोरीव मजकूर आम्लाने खाल्लेला असतो. भिंगाखाली अक्षरांचा तळ दाणेदार, राखाडी-काळा दिसतो आणि कड किंचित असमान असते. लेझरने केलेल्या मजकुरात तळाशी एकसारख्या समांतर रेषा किंवा ठिपक्यांची ओळ दिसते. पातं नंतर पॉलिश झालं असेल तर अक्षरांतला काळेपणा आधी जातो, मग कडा बोथट होतात.

उघडण्याबद्दल खाली लिहितो, तोवर प्रश्न येऊ द्या.

चौकस_चिमण

वाखूसा (वाचनखूण साठवली)! दोन शंका. १) लोहचुंबक कशाला, सगळं पोलादच असतं ना? २) जर्मन सिल्व्हर आणि मुलामा दिलेलं जस्त नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं का?

तांबट

सगळे पोलाद नसते. पाते आणि म्यानाचे अंग पोलादाचे (नौदलाचे म्यान मात्र पितळेचे), क्रॉसगार्ड आणि पोमेल बहुधा नसतात. सुरुवातीच्या काळात जर्मन सिल्व्हर (तांबे, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू), काही ठिकाणी पितळ किंवा ॲल्युमिनियम, आणि पुढे धातूची टंचाई झाली तसे मुलामा दिलेले जस्त. यातले कशालाच चुंबक धरत नाही. एसएच्या क्रॉसगार्डला चुंबक कचकन चिकटले तर तिथेच थांबा.

डोळ्यांनी ओळखायचे तर झिजलेल्या जागा बघाव्यात. जर्मन सिल्व्हर आरपार एकाच धातूचे असते, त्यामुळे झिजले तरी तोच उबदार, पिवळसर झाकेचा रुपेरी रंग दिसतो. जस्तावरचा निकेल झिजला की खाली मातकट राखाडी रंग येतो, फोड धरतात, फोडाखाली पांढरी भुकटी जमते. पितळावरचा मुलामा गेला की पिवळे दिसते. एकाच खंजिराचा वरचा क्रॉसगार्ड जर्मन सिल्व्हरचा आणि खालचा जस्ताचा असेल तर तो जुळवलेला. म्यानाची म्होनाळ (तोंडावरचा धातूचा भाग) आणि तहनाळसुद्धा (टोकावरचा) याच हिशेबात तपासावी. खंजीर सुरुवातीचा आणि म्यान उशिराचे, ही जोडी फार दिसते.

साच्यात ओतलेली नक्कल पकडायची आणखी एक रीत आहे. अस्सल भागावरून साचा घेऊन ओतलेला भाग गार होताना आकसतो, धातूप्रमाणे साधारण एक ते दीड टक्का. ६० मिमीच्या क्रॉसगार्डमध्ये ०.६ ते ०.९ मिमी फरक पडतो. व्हर्निअरवर तो स्पष्ट मोजता येतो, पण त्याच कारखान्याच्या खात्रीच्या नमुन्याशी ताडूनच. कारखान्याकारखान्यांत मुळातच मापे वेगळी होती, म्हणून पुस्तकातल्या एका आकड्यावर निकाल देऊ नये. त्याबरोबर गरुडाच्या पिसांच्या रेषा मऊ पडल्यात का, खोबणीत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे आहेत का, हे बघावे. कानशीच्या खुणा दिसल्या म्हणून मात्र नकली ठरवू नका. सुरुवातीचे भाग हातानेच बसवत, कानस लागणारच.

म्यानबंद

तांबट, आकसण्याचा मुद्दा नेमका. शेवटची ओळ तर ठळक करायला हवी. हाताने बसवल्यामुळे एसएच्या लाकडी मुठीचे सांधे इतके घट्ट असतात की वरच्या आणि खालच्या क्रॉसगार्डपाशी नख फिरवलं तर लाकूड आणि धातू यांत पायरी लागत नाही. लाकूड सुकून केसभर आकसलं तर फट चारही बाजूंनी सारखी असते. एकाच कोपऱ्यात लाकूड बाहेर आणि दुसऱ्यात आत, म्हणजे मूठ दुसऱ्या खंजिराची.

मुठीतला गरुड लाकडात खोदलेल्या त्याच्याच आकाराच्या खाचेत बसतो. पंखांच्या कडेला गोंदाची रेघ किंवा लाकडाचा भुसा भरलेला दिसला तर यूव्ही टाका. आधुनिक चिकटद्रव्यं बहुधा निळसर-पांढरी चमकतात.

दहापट_भिंग

आता फेअरबेर्न-साइक्स. शांघाय म्युनिसिपल पोलिसातले विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स यांनी नोव्हेंबर १९४० मध्ये विल्किन्सन सोर्डबरोबर आराखडा पक्का केला आणि १९४१ च्या सुरुवातीला पहिले नग निघाले. नमुने तीन:

पहिला: क्रॉसगार्ड इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला. पात्याच्या मुळाशी चौकोनी सपाट भाग आणि त्यावर कोरीव मजकूर. पाते साधारण साडेसहा इंच. मूठ पितळेची, चौकटीच्या नक्षीची, निकेलचा मुलामा.

दुसरा (१९४२ पासून): क्रॉसगार्ड सरळ, लंबगोल. मुळाचा सपाट भाग गेला, पाते सुमारे सात इंच. मूठ तीच, निकेल किंवा काळी केलेली.

तिसरा (ऑक्टोबर १९४३ पासून): मूठ जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यातली, आडव्या कड्यांची. काळा रंग. मुठीच्या वरच्या टोकाला बऱ्याचदा साच्याचा क्रमांक, १ ते ४ पैकी एक.

गोची अशी की तिसरा नमुना शेफील्डमध्ये युद्धानंतरही बनत राहिला. त्यामुळे 'अस्सल' आणि 'युद्धकालीन' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. क्रॉसगार्डवर 'इंग्लंड' असा ठसा म्हणजे निर्यातीचा माल, तो बहुतांशी युद्धानंतरचा. रुंद बाण आणि त्याशेजारी तपासनिसाचा क्रमांक असेल तर सरकारी खरेदी, पण बाण युद्धानंतरही मारला जात होता. फक्त बाण दाखवून '१९४४ चा' म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

नंतर मारलेला ठसा पकडायला सोपा. ठसा धातू दाबतो, त्यामुळे कडेला बारीकसा ओठ उठतो. काळा रंग चढवण्याआधी ठसा मारला असेल तर रंग ठशाच्या तळापर्यंत आणि ओठावरही सलग असतो. नंतर मारला असेल तर तळाशी उजळ धातू, आणि ओठावर रंगाला भेगा. मग कुणीतरी तळात काळी शाई भरतो. टाचणीच्या टोकाने हलके टोकरून बघा, शाई निघते, मुलामा निघत नाही.

युद्धकाळातली पाती हाताने दगडावर घासलेली. मधला कणा टोकापर्यंत जाताना जरासा डावी-उजवीकडे जातो, चार पैलू तंतोतंत सारखे नसतात. चारही पैलू यंत्राने केल्यासारखे सारखे आणि कणा आखल्यासारखा सरळ असेल तर पाते अलीकडचे असण्याची शक्यता मोठी.

मुठीच्या डोक्यावरचा छोटा नट हा इथला सांधा. टँग, म्हणजे मुठीतून आरपार गेलेला पात्याचा दांडा, त्या नटात ठोकून पक्का केलेला असतो. नटाभोवती पकडीचे चरे दिसले, किंवा नट चकचकीत आणि मूठ काळवंडलेली, तर कधीतरी उघडलाय.

लोहचुंबक

+१. पहिल्या नमुन्याच्या नकला सर्वाधिक येतात. त्यात मुठीवरच्या चौकटी जाड आणि उथळ असतात. अस्सल मुठीवर त्या इतक्या टोकदार की भिंगाखाली प्रत्येक चौकटीचा लहान पिरॅमिड दिसतो, आणि जिथे तळहात लागतो तिथेच तो बोथट झालेला.

अमेरिकन एम३ खंजिराबद्दलही थोडं. १९४३ मध्ये आला. सुरुवातीच्या नगांवर कारखान्याचं नाव पात्यावर, नंतर ते क्रॉसगार्डवर हलवलं. पात्यावर नाव असलेले महाग, म्हणून क्रॉसगार्डवाल्या किंवा कोऱ्या पात्यांवर नव्याने ठसे मारतात. दहापट_भिंग यांनी सांगितलेली ओठाची तपासणी इथेही जशीच्या तशी चालते. मूठ चामड्याच्या चकत्यांची, तिच्यावर आडव्या खाचा. चकत्या सुकून सैल झाल्या असतील तर तेल पाजून फुगवायच्या भानगडीत पडू नका, चामडं काळं पडतं आणि टँग आतून गंजतो.

चौकस_चिमण

मध्ये एके ठिकाणी एसए खंजीर विक्रीला पाहिला. मागच्या बाजूला एसएप्रमुख अर्न्स्ट र्‍योमचा पूर्ण मजकूर, पुढे ब्रीदवाक्य, आणि मजकुराच्या खाली आरझेडएमचा (नाझी पक्षाच्या साहित्यावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाचा) गोल शिक्का, एम ७/६६. विक्रेता 'अतिदुर्मीळ' म्हणतोय. कसं वाटतंय?

म्यानबंद

दुर्मीळ नाही, अशक्य. एम ७/६६ हा आइकहॉर्न कारखान्याचा क्रमांक, तेवढं बरोबर आहे. पण र्‍योमने मैत्रीचा मजकूर कोरलेले खंजीर १९३४ च्या पहिल्या सहामाहीत वाटले. ३० जून १९३४ ला सुरू झालेल्या कत्तलीत एसएचं नेतृत्व संपवलं, र्‍योमला मारलं आणि मजकूर घासून काढायचा हुकूम निघाला. आरझेडएमचे क्रमांकित शिक्के त्यानंतरचे. म्हणजे र्‍योमचा मजकूर असलेल्या खंजिरावर कारखान्याचा स्वतःचा जुना शिक्का आणि जर्मन सिल्व्हरचेच भाग हवेत.

घासलेले र्‍योम खंजीर खरोखर सापडतात. काहींनी फक्त नाव काढलं, काहींनी सगळा मजकूर. अशा पात्यावर उजेड तिरपा टाकला की घासलेली जागा किंचित खोलगट दिसते, तिथल्या आडव्या रेघा तुटतात आणि एखाद्या अक्षराची सावली उरलेली असते. हल्ली साधं पातं घासून 'घासलेला र्‍योम' म्हणून विकतात. त्यात खोलगट जागा असते, अक्षरांची सावली नसते.

मजकूर नंतर चढवलाय का हे बघायचं तर गंजाचा जुना खड्डा अक्षराच्या कडेवर आलेली जागा शोधा. मजकूर आधीचा असेल तर खड्ड्याने अक्षराची कड खाल्लेली दिसते. मजकूर नंतरचा असेल तर अक्षराची कड खड्ड्यावरून सरळ कापत जाते, आणि खड्ड्याचा अक्षरात आलेला भाग उथळ, धुतल्यासारखा स्वच्छ होतो. अशी एक जागा सापडली की बाकी वाद संपतो.

गंजशास्त्री

शिक्क्यांचा विषय निघालाच आहे तर: आइकहॉर्नची बसलेली खार, डब्ल्यूकेसीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं, अल्कोसोचा तराजू, हॉलरचा थर्मामीटर, क्लासचे दोन करकोचे. ही यादी पाठ असून उपयोग एवढाच की चित्र कशाचं हे कळतं. प्रत्येक कारखान्याने चित्र वेळोवेळी बदललं, आणि मधल्या काळात कारखान्याचा शिक्का आणि आरझेडएम दोन्ही असलेले अस्सल खंजीरही आहेत. त्यामुळे 'दोन शिक्के म्हणजे नकली' हा सरसकट नियम लावू नये.

हस्तिदंती

हेअर आणि लुफ्तवाफच्या मुठी पांढऱ्यापासून गडद नारिंगीपर्यंत दिसतात. जास्त पिवळी म्हणजे जास्त जुनी का? आणि खरा हस्तिदंत ओळखायला सुई लाल करून टोचायची म्हणतात, ते करावं का?

गंजशास्त्री

सुई अजिबात नको! या मुठींत सेल्युलॉइड असू शकतं. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, ते भडकन पेटतं. शिवाय कायमचं भोक पडून किंमत उतरते ती वेगळीच. सेल्युलॉइड ओळखायला मूठ अंगठ्याने जोरात चोळा आणि लगेच वास घ्या, कापराचा वास येतो. अल्कोहोल आणि ॲसिटोन मुठीच्या जवळपासही आणू नका, पृष्ठभाग चिकट होतो.

रंगावरून वय ठरत नाही. मुठी वेगवेगळ्या प्लास्टिकच्या होत्या, आणि प्रत्येक प्लास्टिक आपल्या चालीने पिवळं होतं. रंगात बघायचं ते वेगळं: उजेडाकडची बाजू आणि मागची बाजू यांत फरक आहे का, फेरूलखाली (मूठ आणि क्रॉसगार्ड यांमधलं धातूचं कडं) झाकलेला भाग फिका आहे का. चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवलेली मूठ सगळीकडून सारखी पिवळी असते, झाकलेल्या भागातही.

खऱ्या हस्तिदंतात आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. नकलेत नुसत्या समांतर रेषा असतात, किंवा काहीच नाही. हस्तिदंत असेल तर सीमेपार नेताना साइट्सचा (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो, हे विकत घेण्याआधी लक्षात घ्यावं.

सेल्युलॉइड कुजायला लागलं की नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात आणि ओलाव्याबरोबर त्यांचं आम्ल होतं. मुठीला जाळीदार भेगा, आंबूस वास आणि फेरूलवर हिरवा काट एकाच वेळी दिसला तर तेच चाललंय. तो खंजीर बाकी संग्रहापासून वेगळा, हवेशीर, थंड जागी ठेवा. बंद पेटीत तो शेजारच्यांनाही खातो.

म्यानबंद

आता उघडण्याबद्दल. हेअरचा पोमेल टँगच्या आट्यांवर फिरतो, डावीकडे फिरवला की सुटतो. रबराचा तुकडा धरून हातानेच फिरवा. हलला नाही तर सोडून द्या. पक्कड लावली की ओकची पानं चिरडतात, आणि जोर मुठीवर गेला तर ती उभी तडकते. सुटला तर क्रम असा: पोमेल, मूठ, फेरूल, क्रॉसगार्ड, शेवटी पात्याच्या खांद्यावरचा छोटा चामड्याचा तुकडा. प्रत्येक भाग कुठल्या बाजूने होता हे काढताना फोटोत टिपा.

उघडल्यावर टँग बघा. न घासलेला, तपकिरी-काळा, कोरडा टँग हवा. क्रॉसगार्डच्या छिद्राचा ठसा टँगवर किंवा खांद्यावर उमटलेला असतो, तो छिद्राशी जुळतो का? आट्या स्वच्छ चकचकीत आणि टँग काळा, तर आट्या नव्याने पाडल्यात. चामडं पांढरट, मऊ, कापलेली कड ताजी दिसत असेल तर ते बदललेलं आहे. एवढ्यावरून खंजीर नकली ठरत नाही, पण कुणीतरी आधी उघडलाय हे निश्चित. मग मुठीच्या आतलं बघा: जुनी मूठ आतून मळकट, तिच्यावर टँगच्या गंजाचा डाग. डाग नाही पण टँग गंजलेला, तर दोघांची गाठ अलीकडची.

एसएचा नट मात्र विनाकारण उघडू नये असं माझं स्पष्ट मत. लाकडी मूठ एकदा निघाली की परत तशी बसत नाही.

तांबट

इथे मतभेद. किंमत मोठी असेल तर न उघडता घेणे म्हणजे जुगार. विक्रेत्याला उघडायला सांगावे, त्याच्या हाताने. तो नाही म्हणाला तर त्या जोखमीइतकी किंमत कमी करून मागावी.

म्यानबंद

हेअरला मान्य. एसएला नाही.

चौकस_चिमण

यूव्हीबद्दल: पोर्टेपे (मुठीला गुंडाळलेला गोंडा) यूव्हीखाली चमकला तर नकली ना?

लोहचुंबक

निळसर-पांढरा झळाळला तर संशय धरा. कापडाला उजळपणा देणारी रसायनं युद्धानंतर सर्रास वापरात आली. पण जुना गोंडा कुणी आधुनिक डिटर्जंटने धुतला असेल तरी तो चमकतो. उलट न चमकणारा धागा आजही मिळतो. म्हणून यूव्ही हा एकटा साक्षीदार पुरत नाही. गोंडा सोडून त्याखालची मूठ बघा. गोंडा खूप वर्षं बांधलेला असेल तर त्याखाली मूठ फिकी आणि दोरी फिरली त्याच वळणाची खूण राहते.

हस्तिदंती

पातं गंजलेलं असेल तर साफ किती करावं? काळे ठिपके आहेत, केशरी काहीच नाही.

गंजशास्त्री

काळे ठिपके स्थिर असतात, त्यांना हात लावू नका. केशरी, बोटाला लागणारा गंज चालू आहे, तोच काढायचा. हलकं मशिन ऑइल लावून एक दिवस ठेवा. मग तांब्याच्या नाण्याची कड किंवा बांबूची काडी आडव्या रेघांच्या दिशेनेच फिरवा. तांबं पोलादापेक्षा मऊ, ओरखडा काढत नाही. स्टील वूल नको, अगदी सर्वांत बारीकही नको, आडव्या रेघांवर तिचा माग राहतोच. हेअरच्या पात्यावर निकेलचा मुलामा असेल आणि खालून फोड आले असतील तर फोड फोडायचा नाही. तेल पुसून मेण लावा आणि विषय संपवा.

बनावट गंजही इथेच ओळखता येतो. खरा गंज एकेका ठिकाणी खोल जातो: म्यानाच्या तोंडापाशी, टोकाला, बोटांचे ठसे राहिले तिथे. आम्लाने आणलेला गंज सगळीकडे सारखा, उथळ, नारिंगी, आणि जिथे झिजून उजळ असायला हवं तिथेही बसलेला.

मेण मायक्रोक्रिस्टलाइन, अगदी पातळ, मऊ कापडाने. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं मिश्रण आजही संग्रहालयं वापरतात. जस्ताच्या भागांना पाणी आणि पितळ पॉलिश दोन्ही वर्ज्य.

दहापट_भिंग

ठेवण्याबद्दल एकच भर. चामड्याच्या म्यानात पाते ठेवू नये. चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार ओलावा ओढतात आणि पाते आतून खड्डे धरते. फेअरबेर्न-साइक्सचे म्यान वेगळे, पाते वेगळे. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, ओकच्या लाकडाचे खण नकोत. दोन्हींतून आम्लाची वाफ येते. सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास आणि फारशी न हलणारी.

याच म्यानाची तपासणी: वरचा इलॅस्टिक पट्टा मूळचा असेल तर ताण गेलेला, तडकलेला असतो. ताणला की झटकन परत येणारा पट्टा नंतरचा. बाजूच्या चामड्याच्या चार पाकळ्या कापलेल्या असतील तर ती उणीव धरू नये, सैनिक स्वतःच कापत. मात्र कापलेली कड बाकी चामड्याइतकीच काळवंडलेली हवी.

चौकस_चिमण

जर्मनीतल्या लिलावात बऱ्याच फोटोंत गरुडाच्या खालचा भाग झाकलेला असतो. काही लपवतायत का?

लोहचुंबक

नाही, तो कायदा. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ए मुळे स्वस्तिक जाहीरपणे दाखवता येत नाही. अभ्यास, कला, संशोधन यांना सवलत आहे, पण लिलाववाले सहसा पट्टी लावतात. तरी बाकीचं मागता येतं: गरुडाचे पंख जवळून, क्रॉसगार्ड वरून आणि बाजूने, म्यानाच्या तोंडाचे स्क्रू. स्क्रूच्या खाचा सरळ, एका रेघेच्या असतात. फुलीची खाच दिसली तर तो स्क्रू निश्चित बदललेला.

तांबट

विक्रेते एखादे जुने पत्र दाखवतात, 'आमच्या आजोबांनी युद्धातून आणला'. पत्र खरे असले तरी त्यात 'एक खंजीर' एवढेच लिहिलेले असते. कारखान्याचे नाव, एखादा विशिष्ट ओरखडा किंवा खंजिरासकट जुना फोटो असेल तरच कागद त्या वस्तूला बांधला जातो. नाहीतर खंजीर बदलून तोच कागद दुसऱ्यांदा विकता येतो.

म्यानबंद

यापुढे इथे मत विचारायचं असेल तर एवढे फोटो टाका: म्यानासकट दोन्ही बाजू, म्यानाबाहेर दोन्ही बाजू, क्रॉसगार्ड वरून आणि खालून, मुठीचे दोन्ही सांधे जवळून, पोमेल वरून, म्यानाचं तोंड आतल्या पट्ट्यांसकट, पात्याचं टोक, आणि मग शिक्का. उजेड एकाच बाजूने, तिरपा. फ्लॅश नको, त्याने आडव्या रेघा पुसल्या जातात. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, आणि फोटो काढण्याआधी पातं पुसू नका.